डोंगर उजव्या हाताला ठेवून

श्रावणातला तिसरा सोमवार जवळ आला की नाशकात ओळखीचा प्रत्येक जण विचारतो, "यंदा फेरीला येताय का?" कसली फेरी, ते सांगावं लागत नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. छोटी फेरी साधारण २० किलोमीटरची, मोठी ४०च्या घरात. या प्रश्नाला मी बरीच वर्षं बगल देत आलो, कारण मी पडलो ट्रेकवाला. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, बसगड, उतवड अशी त्र्यंबकची सगळी रांग पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पालथी घातलेली. माथ्यावर जायचंच नाही, नुसतं पायथ्याने गर्दीतून गोल फिरून यायचं, यात कसली आलीय गंमत, असं मला वाटायचं.

यंदा आत्याने गाठलं. आत्या पंचवटीत राहते, सत्तरीला टेकली आहे, आणि लग्न होऊन नाशकात आल्यापासून फेरी सहसा चुकवत नाही. तिच्याबरोबर जाणाऱ्या नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "तू एवढी मोठी सॅक पाठीवर घेऊन हिंडतोस ना," फोनवर म्हणाली, "मग त्यात माझी पण पिशवी मावेल." ती विचारतेय की सांगतेय, असा तिच्याशी बोलताना प्रश्न पडत नाही.

तयारीची सूत्रं तिने स्वतःकडे घेतली. नवे बूट घालायचे नाहीत. जीन्स नको, ओली झाली की मांड्या सोलते. सोमवारचा उपास, म्हणून राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, केळी आणि लिंबाचं सरबत. मी खजूर आणि सुकामेवा काढून ठेवला होता, तो तिने पास केला. एनर्जी बार हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला. सगळ्यात मला नवल वाटलं ते तिच्या पायांच्या बंदोबस्ताचं. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडायच्या, खोबरेल तेलात भिजवून पिळायच्या आणि पायाच्या प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या गुंडाळायच्या. वर सुती मोजे, त्यावर पावसाळी सँडल. बरेच लोक फेरी अनवाणी करतात. तीही करायची. "आता नाही करत," म्हणाली, "माझे तळवे फोडून महादेवाला काय मिळणारेय?"

दोनेक आठवडे आधी तिने मला रोज डांबरी रस्त्यावर चालायला लावलं. गोदाघाटावरून निघून गंगापूर रोडने सोमेश्वरच्या दिशेने जमेल तितकं. मला हे फार पोरकट वाटलं होतं, पण त्यात तथ्य होतं. डोंगर चढताना मांड्या आणि दम लागतो. सपाट रस्त्यावर तासन् तास चालताना तळवे, घोटे आणि कंबर बोलायला लागतात, आणि त्यांना ट्रेकचा काडीचा सराव नसतो.

रविवारी रात्री महामंडळाच्या जादा गाडीने त्र्यंबकला गेलो. नाशिक ते त्र्यंबक अंतर ३० किलोमीटरच्या आत, पण त्या रात्री ते किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. खासगी गाड्या पोलीस गावाच्या बऱ्याच अलीकडे अडवतात. पुढे एसटी नाहीतर पाय. कुशावर्तावर पायऱ्यापायऱ्यांवर माणसं, ओले टॉवेल, कुणाचा तरी हरवलेला मुलगा आणि लाउडस्पीकरवरून पुकारलेलं त्याचं नाव. आत्याने तीर्थ डोक्याला लावलं, मी पाय भिजवले, आणि अडीच-तीनच्या सुमारास आम्ही गावाबाहेर पडलो. प्रयागतीर्थापाशी थांबून तिने पट्ट्या एकदा तपासल्या. तिथून फेरीवाले पहिन्याच्या वाटेला लागतात.

गर्दीबद्दल मला भीती होती ती निम्मी खरी ठरली. गर्दी होती, कर्कश शिट्ट्या मारणारी, स्पीकर खांद्यावर घेऊन नाचणारी टोळकीही होती. पण ती पळतात आणि पुढे निघून जातात. त्यांच्यानंतर चालणारी गर्दी वेगळी असते. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या बाया, एकमेकींच्या पदराचा अंदाज घेत ओळीने चालणाऱ्या. मधूनच कुणीतरी "बम बम भोले" म्हणतं, मागचे ओ देतात, मग पुन्हा नुसते पावलांचे आवाज. मी हेडलँप लावला तर आत्या म्हणाली, "बंद कर तो. पुढच्याच्या पाठीवर उजेड पडतो, रस्त्यावर नाही." तिसरा सोमवार कायम पौर्णिमेच्या आसपास किंवा तिच्या मागे येतो, त्यामुळे ढग असले तरी वर चंद्र असतोच, आणि रस्ता राखाडी का होईना, दिसतो.

पहिन्याची बारी म्हणजे ब्रह्मगिरी आणि अंजनेरी यांच्यामधली खिंड. घोटीकडे जाणारा रस्ता तिथूनच जातो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी याच रस्त्यावर धबधब्यांसाठी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. मी तिथून कितीदा गेलोय. चढ संपतो तिथे आत्याने माझा दंड धरला आणि म्हणाली, "गटार बघ."

रस्त्याच्या कडेच्या चरातून पावसाचं पाणी वाहत होतं. इतका वेळ ते आमच्या समोरून, त्र्यंबकच्या दिशेने येत होतं. पाच-पन्नास पावलांवर ते थबकल्यासारखं झालं, गवतात पसरलं, आणि त्यापुढे चरातलं पाणी आमच्या बरोबरीने पुढे पळायला लागलं. टॉर्च मारून मी पुन्हा मागे जाऊन पाहिलं. लोक वैतागले, पण मला राहवेना. मागचं पाणी गोदावरीचं. ते नाशिक, पैठण, नांदेड करत १४६५ किलोमीटर जाऊन राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळतं. पुढचं वैतरणेचं. ते पश्चिमेला उतरतं, धरणांत अडतं आणि त्यातलं बरंचसं मुंबईच्या नळांना येतं. ब्रह्मगिरी दोन्ही नद्यांचं उगमस्थान हे शाळेत पाठ केलेलं. गंगाद्वाराच्या पायऱ्या चढूनही आलेलो. पण माथ्यावर उभं राहिलं की नुसतं चहूकडे धुकं असतं. पाणी कुठे फाटतं ते पायथ्याने चालल्यावर कळलं. शिवाय डोंगर दोन नद्यांच्या मधोमध उभा असेल तर त्याला वळसा घालणाऱ्याला ही रेघ दोनदा ओलांडावीच लागणार. आत्याला हे माहीत होतं. "परत येताना पण दाखवते," म्हणाली.

बारी उतरल्यावर रस्त्यावरचे दिवे संपले. डोंगर उजवीकडे, फक्त जास्त काळा. इथे तिने गोष्ट काढली, आणि ती काढायची जागाही बहुतेक ठरलेली असावी, कारण आजूबाजूच्या दोघी-तिघी जवळ सरकल्या. विठ्ठलपंत बायको-मुलांना घेऊन ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघाले होते. रात्रीची वेळ, वाट रानातली. समोर वाघ आला. सगळे सैरावैरा पळाले, थोरला निवृत्ती चुकला आणि पळता पळता एका गुहेत शिरला. गुहेत गहिनीनाथ बसलेले. त्यांनी त्याला उपदेश दिला, निवृत्तींनी तो पुढे धाकट्या भावाला, ज्ञानदेवांना दिला. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकलाच आहे आणि पौषात तिथे वारी भरते. ही कथा कीर्तनात ऐकली होती, पण त्यातली प्रदक्षिणा हीच, आपण चालतोय तीच, हे डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणजे तेराव्या शतकाच्या आठवणीतही ही वाट आहे, आणि तीही वाघ असलेल्या जंगलातून जाणारी. आता वाघ नाही. बिबट्या आहे, पण इतक्या शिट्ट्या ऐकून तो कधीच घोटीला पोचला असेल.

उजाडायला लागलं तेव्हा आम्ही डोंगराच्या पाठीमागे होतो. ही बाजू नाशिककराच्या ओळखीची नाही. आपल्याला ब्रह्मगिरी माहीत आहे तो त्र्यंबकच्या बसस्टँडवरून दिसणारा, पायऱ्यांचा. त्यातल्या बऱ्याच पायऱ्या कराचीच्या एका शेठजींनी १९०८च्या सुमारास स्वतःच्या पैशांनी बांधून दिल्या. कराचीचा माणूस त्र्यंबकला पायऱ्या बांधतो, हे आज लिहिताना विचित्र वाटतं, तेव्हा वाटलं नसेल. मागून मात्र पायरी नाही, काही नाही. सरळ तुटलेला काळा कडा, त्यावरून दहा-बारा ठिकाणी ओघळणारं पाणी, आणि कड्याच्या पायाशी जंगलाचा पट्टा. खाली भाताची खाचरं. आवण्या उरकल्या होत्या, रोपं उभी राहिली होती. उतारावर नागली आणि वरई.

जंगल म्हणतोय खरं, पण ते नीट बघितल्यावर वेगळंच दिसतं. बांधावरची सादड्याची झाडं एकाच तऱ्हेने वाढलेली. खोड सरळ, फांद्या जवळजवळ नाहीतच, आणि जिथे फांदी असायला हवी तिथे खोडाला गाठी. एकेका गाठीतून कोवळ्या पानांचा झुबका. खाली एक आजोबा प्लास्टिकचं इरलं पांघरून बैल घेऊन चालले होते. त्यांना विचारलं, झाडं अशी का? "राबाला टहाळ काढतो ना, दादा," म्हणाले. भाताचं बी टाकायच्या आधी त्या जागेवर डहाळ्या, पाला, शेण, गवत पसरून जाळायचं, त्याला राब म्हणतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, राख मिसळते, रोप जोमाने येतं. या रांगेतले कोळी, ठाकर, वारली पिढ्यान् पिढ्या असंच भात पिकवत आले. १८७८चा वनकायदा आला, जंगलं सरकारने राखीव केली, आणि टहाळ तोडणाऱ्याला एकदम परवानगी, दंड, गार्ड हे शब्द शिकावे लागले. जंगल कुणी संपवलं यावर आपण शहरात बसून फार पटकन निकाल देतो. माझं मत विचाराल तर, ज्या झाडाची डहाळी दर वर्षी लागते ते झाड माणूस मुळापासून तोडत नाही. त्या गाठीच त्याची साक्ष आहेत.

त्याच वळणावरून वर किल्ला दिसत होता, म्हणजे ढग हटेल तेवढा. ब्रह्मगिरी हाच त्र्यंबकगड. १६३६मध्ये शहाजीराजांना मोगलांशी तह करावा लागला तेव्हा जे किल्ले द्यावे लागले त्यात हा होता, हरिहरही होता. १६७०मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. १८१८च्या एप्रिलमध्ये तो इंग्रजांकडे गेला. गडाच्या टोकाला दुर्गभांडार आहे, तिथे दगडात खणलेल्या जिन्यातून आणि अरुंद नैसर्गिक भिंतीवरून जावं लागतं. मी तिथे बसून ही सनावळी मोठ्या हौसेने मित्रांना ऐकवलेली आहे. मागच्या बाजूने पाहताना मला १८५७ आठवलं. त्या डिसेंबरात भिल्ल आणि ठाकरांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर रात्री हल्ला केला होता आणि नंतर त्यातले काही जण आसपासच्या डोंगरांत लपले. पलीकडच्या पेठच्या संस्थानिकाला, भगवंतरावांना, त्याच धामधुमीत फाशी झाली. डोंगरांत लपले म्हणजे कुठे, ते या बाजूला आल्यावर समजतं. कड्याच्या खालचा प्रत्येक सांदरा असा आहे की दहा माणसं आत बसली तर रस्त्यावरून पत्ता लागणार नाही.

भूक लागली होती. एका घराच्या पडवीत म्हातारीने काकड्या मांडल्या होत्या, रानात पिकलेल्या, आखूड, पोटाशी पिवळट. तिने विळ्याने उभी चीर दिली, तिखट-मीठ चोळलं आणि "बसा, पाय मोकळे करा" म्हणून गोणपाट सारलं. काकडी उपासाला चालते का, यावर आत्या आणि तिच्यात गंभीर चर्चा झाली. मीठ सैंधव नसल्याचं दोघींनी मान्य केलं आणि आत्याने काकडी खाल्ली. मी बूट काढले. टाचेवर फोड आला होता, माझ्या जलद वाळणाऱ्या महागड्या मोज्यांच्या आत. आत्याने पिशवीतून उरलेल्या पट्ट्या काढल्या. एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

सापगावपर्यंतचा पुढचा टप्पा थोडक्यात सांगतो, कारण तो चालायलाही तसाच होता: पाऊस, चिखल, परत पाऊस. हरिहर ढगात होता. रस्त्याच्या कडेला तेरडा आणि मध्येच कळलावीची लाल-पिवळी ज्योत. आत्या दर तासाला पाच मिनिटं थांबायची, घड्याळ लावल्यासारखी, आणि त्या पाच मिनिटांत बसायची नाही. "बसलं की गुडघा रुसतो," म्हणाली. गावागावांत मंडळांनी फुकट चहा आणि साबुदाण्याची खिचडी ठेवली होती. द्रोण पत्रावळीचे असते तर फार बरं झालं असतं. प्लास्टिकचे कप खाचरांत तरंगत होते आणि भात लावणाऱ्यालाच ते वेचायचे होते.

त्र्यंबक जवळ येऊ लागलं तसा डोंगराचा पायथा बदलला. कुंपणं, प्लॉट पाडल्याच्या पाट्या, लाल मातीचे उघडे काप. पायथ्याशी चाललेल्या या खोदकामाविरुद्ध नाशिकमधल्या पर्यावरणवाल्यांनी मागे बरीच ओरड केली होती. शेजारच्या अंजनेरीवर गाडीरस्ता न्यायचं घाटत होतं तेव्हाही केली. वर्तमानपत्रात हे वाचताना मला ते माथ्याचं, देखाव्याचं दुखणं वाटायचं. चालत आल्यावर मामला पाण्याचा दिसतो. मागच्या बाजूला कड्यावरून आलेलं पाणी आधी जंगलात मुरत होतं आणि ओहळात स्वच्छ उतरत होतं. इथे ते कापलेल्या मातीवरून चहाच्या रंगाचं होऊन थेट रस्त्यावर येत होतं. आत्याने त्यातच बोट दाखवलं. चरातलं पाणी पुन्हा त्र्यंबककडे, म्हणजे आमच्या पुढे पळत होतं. दुसरी रेघ कधी ओलांडली ते पावसात कळलंच नव्हतं.

पोचलो तेव्हा मंदिराची रांग कुठल्या कुठे गेली होती. हे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, काळ्या दगडाचं, आणि श्रावणी सोमवारी त्याच्या भिंतींपेक्षा रांगेच्या दांड्याच जास्त दिसतात. आत्याने लांबून कळसाला हात जोडले आणि बसस्टँडची वाट धरली. "आत नाही जायचं?" मी विचारलं. "अरे, रात्रभर त्याच्याच भोवती होतो ना?"

घरी आल्यावर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचे, पाय उशीवर ठेवून झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम थोडं चालायचं, नाहीतर पोटऱ्या आखडतात. हा सगळा तिचा शिरस्ता मी पाळला. दुसऱ्या दिवशी चालायचं ते मात्र जिने उतरण्यापुरतंच झालं, तेही कठड्याला धरून.

भाद्रपदात मी उलटा डाव टाकला. आत्याला म्हटलं, आता तू माझ्याबरोबर अंजनेरीला चल. मधला वार बघितला, कारण सुट्टीच्या दिवशी तिथेही जत्राच असते. आधी गावातली जुनी मंदिरं दाखवली. तिथल्या एका जैन मंदिरात शके १०६३चा, म्हणजे यादवांच्या काळातला शिलालेख आहे आणि त्यात देवळाला काही दुकानांचं उत्पन्न दिल्याची नोंद आहे. "म्हणजे इथे बाजारपेठ होती?" आत्याने आजूबाजूच्या शांत शेतांकडे बघत विचारलं. होती तर. आज गावाजवळ नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे, १९८०पासूनची, हेही मला फार योग्य वाटतं.

मग घळीतल्या पायऱ्यांनी पठारावर, अंजनीमातेच्या देवळापर्यंत. माथ्याचा आग्रह मी धरला नाही. पठारावर गवतात गुडघे टेकून शोधत होतो ते सापडलं: अंजनेरीचं कंदीलपुष्प. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६मध्ये नवी जात म्हणून नोंदवलेलं. उंची वितीएवढी, फूल करंगळीपेक्षा बारीक, खाली फुगीर, वर नळी, आणि टोकाला पाकळ्या जुळून झालेला पिंजरा. आत्याने चष्मा पुसून जवळून पाहिलं. मी सांगितलं, नळीत आत वळलेले केस असतात. छोटी माशी वासाने आत उतरते आणि केसांमुळे तिला वर येता येत नाही. फूल कोमेजायला लागलं की केस मरगळतात, मग ती परागकण घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन अडकते. "शहाणपण येतच नाही तिला," आत्या म्हणाली. वर कड्यावर लांब चोचीची गिधाडं घिरट्या घालत होती, ती तिने स्वतःच ओळखली. लहानपणी गावच्या हाडकीवर, म्हणजे मेलेली गुरं टाकायच्या जागेवर बघितलेली, म्हणाली, मग मधली कितीक वर्षं दिसलीच नाहीत. मी तिला डायक्लोफेनॅकबद्दल सांगितलं: गुरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६मध्ये त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली.

उतरताना माझ्यापेक्षा तिचा पाय जास्त भरवशाचा पडत होता. तेवढ्यात तिने मोठ्या फेरीचा विषय काढला. नणंदेचा गुडघा तोवर बरा झाला तर ती चहाची थर्मास घेऊन सापगावला येऊन बसणार आहे. ४० किलोमीटर म्हणजे रविवारी दुपारीच निघायला लागेल, डबे दोन लागतील, आणि बोटांच्या पट्ट्या मला स्वतःच्या स्वतः बांधता यायला हव्यात. ऑफिसात रजा सोमवारची नाही टाकायची, मंगळवारची टाकायची. सोमवारी काय, चालायचंच असतं.